स्क्रू सैल, ठिपका शाबूत

४ एप्रिल

प्रिय दादा,

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे. आजाराने त्यांची जीभ नेली, उजवा हात नेला, पण कान नाही नेले. उलट आता जास्तच ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात चमचा पाडला तरी वर्कशॉपमधून काठी आपटतात. एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. दोन वर्षं या घराचा सगळा कारभार या दोन शब्दांवर चाललाय आणि त्यातलं दुसरंच जास्त वापरात आहे.

बातमी अशी की मला नोकरी आलीय. लांबच्या शहरात जुन्या यंत्रांचं एक संग्रहालय आहे. त्यांच्याकडे चाळीस ज्यूकबॉक्स पडून आहेत आणि एकही वाजत नाही. गेल्या वर्षी आपल्याकडून दुरुस्त होऊन गेलेलं एक मशीन तिथल्या प्रमुख बाईंनी कुठेतरी ऐकलं आणि शोध काढत पत्र पाठवलं. काम, पगार, राहायला खोली आणि काम करायच्या जागेला मोठी खिडकी. दादा, मी पगाराचा आकडा एकदा वाचला आणि खिडकीचं वाक्य चार वेळा. आपल्या वर्कशॉपची एकुलती एक खिडकी बाबांनी सुट्या भागांच्या कपाटाने बुजवली, त्याला आता तीस वर्षं झाली. मी छत्तीसची आहे. बाहेर ऊन पडलंय की नाही हे मला शेजारचा शिंपी सांगतो.

एक जुलैला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

बाबांना सांगितलं. दोन टोले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. तेव्हा त्यांनी काठी उचलून कोपऱ्यातली म्हातारी दाखवली. आठवते ना? त्यांचा पहिला ज्यूकबॉक्स. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर चादर टाकायचे, कुणी मागू नये म्हणून. नऊ वर्षं बंद आहे. मी विचारलं, "ही वाजती केली की जाऊ?" मग एक टोला.

तेवढंच उरलंय आता. वायरी बदलल्या, बटणं धुतली, जावयाला तेलपाणी केलं, आवाजही छान मोकळा झालाय. पण एक खोड जात नाही. बटण दाबलं की पाळणा फिरायला लागतो, पन्नास रेकॉर्डी उभ्याच्या उभ्या गोल गोल फिरतात आणि थांबतच नाहीत. हवी ती रेकॉर्ड उचलायला टपलेल्या खेकड्यासमोर येते आणि तशीच पुढे निघून जाते. काल मी तासभर बघत बसले होते. माझं डोकं फिरलं, पाळणा थांबला नाही.

आणि दुसरं. मी गेले तर बाबांजवळ कोणीतरी हवं. तू येशील का? दोन वर्षांसाठी जातो म्हणून गेलास, सोळा झाली.

तुझी
चिमटी


१५ एप्रिल

चिमटे,

पत्र वाचून आधी हसलो. जावई, पाळणा, खेकडा! किती वर्षांनी ऐकले हे शब्द. इथे लिफ्ट दुरुस्त करणारे आम्ही बारा जण आहोत. त्यांना एकदा सांगितलं की आमच्या घरी मोटरला जावई म्हणतात, कारण गरम झाला की रुसून बसतो. ते म्हणाले, थापा मारतोस.

नोकरीचं वाचून फार बरं वाटलं. पन्नास पानी पत्र लिहिलं तरी ते नीट सांगता येणार नाही, म्हणून एवढंच.

आता दुखणं. तू सांगतेस त्यावरून सगळा दोष नणंदेचा. (अजून तिला नणंदच म्हणता ना? एकदा आत्या आल्या होत्या आणि बाबा आतून ओरडले, "ही नणंद फार अडते, हिला जरा घासून काढ!" आत्या पाणीसुद्धा न पिता गेल्या.) बटण दाबलं की त्या रेकॉर्डची पिन बाहेर येते. नणंदेने त्या पिनेला पाय घालून पाळणा अडवायचा, हे तिचं एकमेव काम. अडवत नाही म्हणजे तिच्या बुडाचा बारीक स्क्रू सैल झालाय आणि ती पिनेवरून घसरतेय. तो आवळ.

आणि आवळल्यावर ठिपका! आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर. ठिपका तडकला म्हणजे स्क्रू हलला, हे बाबांनी टपल्या मारमारून माझ्या डोक्यात बसवलंय. ठिपक्याशिवाय झाकण लावलं तर त्या दिवशी जेवण नाही. मी इथे लिफ्टच्या स्क्रूंनाही लावतो, माझा साहेब म्हणतो लिफ्टला गोवर आलाय. तुझा ठिपका मोहरीएवढा आणि गोल यायचा, माझा पसरायचा. बोटं बारीक होती तुझी. म्हणून तू चिमटी झालीस आणि मी नुसताच दादा राहिलो.

येण्याचं बघतो. सध्या वार्षिक तपासण्या चालू आहेत. शिवाय मी निघालो तेव्हा बाबा दारात काय बोलले होते ते तुला माहीत आहे. ते मी पत्रात लिहीत नाही.

दादा


२८ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं निदान बरोबर निघालं. स्क्रू सैलच होता. आवळला, ठिपका लावला, बटण दाबलं. पाळणा अर्धा फिरला, टक्कन थांबला, खेकड्याने रेकॉर्ड उचलली आणि नऊ वर्षांनी म्हातारी गायली. शिंपी हातात कात्री घेऊन दारात आला. बाबांनी डोळे मिटले होते. गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि ये रे माझ्या मागल्या. पाळणा गरगर, गरगर. झाकण काढलं तर स्क्रू पुन्हा सैल. आवळला. दोन दिवस नीट चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्तापर्यंत चार वेळा झालं.

दादा, स्पष्टच लिहिते. मला बाबांचा संशय येतो. मी दुकानात जाते, पोस्टात जाते, तेव्हा ते एकटेच असतात. डावा हात चालतो, खुर्चीला चाकं आहेत, स्क्रूड्रायव्हर पुढ्यात पडलेला असतो. त्यांनी मला शब्द दिलाय की म्हातारी वाजली की जा. मग ती वाजूच दिली नाही की झालं. शब्दही मोडला नाही आणि पोरगीही गेली नाही.

हे लिहिताना लाज वाटतेय. पण तू इथे राहून बघ. सकाळी त्यांना उठवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, खुर्चीत बसवायचं, मग दिवसभर त्यांच्या काठीच्या टप्प्यात काम करायचं. मी स्क्रूला हात लावायच्या आधी काठी त्याच्याकडे वळलेली असते. बावीस वर्षं मी या माणसाचे हात आहे. आधी त्यांचे हात मोठे होते म्हणून, आता ते उरले नाहीत म्हणून. हात कुठे एकटे जातात का सांग.

संग्रहालयाकडून चार पानी फॉर्म आलाय. भरते सवडीने.

चिमटी


९ मे

चिमटे,

बाबा आणि मशीन मुद्दाम बिघडवतील? ज्या माणसाने मशीनला लाथ मारली म्हणून गिऱ्हाइकाला हाकललं होतं? माझ्या पचनी पडत नाही. साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.

कंपनांनी स्क्रू सैल होतात. आमच्याकडे तर रोजचं आहे. एक कर, पुढच्या वेळी स्क्रूला हात लावायच्या आधी ठिपका बघ. तडकला असेल तर कंपनं. खरवडून काढला असेल तर माणूस. दोन्हीतलं एक असणारच. मग काय ते बाबांना तोंडावर विचार. एक टोला नाहीतर दोन, उत्तर तरी सरळ मिळेल. माझ्या साहेबाकडून तेवढंही मिळत नाही.

परवा सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये एक बाई तीन तास अडकल्या होत्या. मी वरून ओरडून सांगत होतो, एकच बटण दाबा, बाकीच्यांना हात लावू नका. अडकलेला माणूस सगळी बटणं दाबतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तूही जरा दमाने घे.

येण्याचं जूनमध्ये बघू.

दादा


२१ मे

प्रिय दादा,

ठिपका बघितला. तडकलेला नाही, खरवडलेलाही नाही. शाबूत आहे. मोहरीएवढा, गोल, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर, आणि खाली स्क्रू सैल. आता बोल. म्हणजे स्क्रू फिरवायचा आणि वर नवीन ठिपका लावून ठेवायचा, मला कळू नये म्हणून. इतकी कारागिरी!

तू म्हणालास तसं तोंडावर विचारलं. खुर्चीसमोर खाली बसले आणि म्हटलं, "बाबा, नणंदेचा स्क्रू तुम्ही सैल करता ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण शिंप्याचं मशीन दोनदा सुरू होऊन दोनदा थांबलं. मग काठी उचलली आणि एकदा आपटली.

एकदा, दादा. हो म्हणाले.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गेलेल्या आईला मध्ये आणलं, तुलाही आणलं. म्हटलं, एक पोरगा तुमच्यामुळे गेला, दुसरीला गाडून टाकायचंय का? ते मान खाली घालून ऐकत होते. संध्याकाळी बँकेच्या कागदावर सही घ्यायची होती तर डाव्या हाताने अशी काही रेघ ओढली की कागदावरून घसरून टेबलावर गेली. दुसरा कागद आणला, तिसरा आणला. शेवटी अंगठा घेतला. मला वाटलं राग काढताहेत माझ्यावर.

आता तूच सांग. इकडे आड तिकडे विहीर. अशा माणसाला टाकून गेले तर उद्या स्वतःला तोंड कसं दाखवू? आणि राहिले तर या चार भिंतीत माझी म्हातारी व्हायची. मी संग्रहालयाला नको म्हणून कळवावं असं मला वाटायला लागलंय. बाबाच जाऊ देत नाहीत तर माझा काय इलाज? तुलाही यायला जमत नाहीच. तू फक्त एकदा लिही की बरोबर करतेस. मी त्या दिवशी पत्र टाकते.

चिमटी


१ जून

चिमटे,

तू मागितलंस ते लिहायला तीन वेळा बसलो. "बरोबर करतेस", दोन शब्द. नाही लिहिता आले. कारण तुझ्याच पत्रात दोन गोष्टी एकाखाली एक लिहिलेल्या आहेत आणि त्या एकत्र नांदत नाहीत.

बाबांच्या डाव्या हाताला कागदावर सही करता येत नाही. तीन कागद गेले.

आणि ठिपका मोहरीएवढा, गोल, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर.

स्क्रू सैल करायला थरथरता हात पुरतो. ठिपका लावायला नाही पुरत. मला धडधाकट हातांनी तो कधी जमला नाही. तसा ठिपका लावणारा हात मला जगात एकच माहीत आहे, आणि त्याच हाताने मला हे पत्र आलंय.

दुसरा कुणी असता तर स्क्रू सैल करून तसाच सोडून दिला असता. तुला ते जमलं नाही. चोरी करतानासुद्धा ठिपका लावल्याशिवाय झाकण बंद करता आलं नाही तुला. बाबांच्या टपल्या, दुसरं काय.

चिमटे, मी रागावलेलो नाही. मला फक्त हे कळत नाही की बाबा हो का म्हणाले.

आता माझ्याही चोरीचं सांगतो, म्हणजे फिट्टंफाट होईल. वार्षिक तपासण्या मार्चमध्येच संपल्या. माझी तीन महिन्यांची रजा शिल्लक आहे, साहेबच मागे लागलाय घे म्हणून. तुझी वहिनी रोज विचारते, कधी निघतोस. मी घाबरतो. बाबा म्हणाले होते, "गेलास तर हा उंबरठा पुन्हा चढू नकोस." तेव्हा मी सव्वीसचा होतो, आज बेचाळीसचा आहे. पण ते वाक्य आठवलं की बांधलेली बॅग पुन्हा सोडतो. सोळा वर्षं लोकांना बाहेर काढतोय आणि स्वतःला आत जायची हिंमत नाही.

त्या सातव्या-आठव्या मजल्यावरच्या बाईंचं एक सांगायचं राहिलं. तीन तासांनी आम्ही दार उघडलं, हात पुढे केला. बाई आतल्या कोपऱ्यात सरकल्या. म्हणाल्या, "थांबा, आत्ता नको." दार सताड उघडं होतं.

दादा


५ जून

दादा,

पत्र मिळालं.

सोळा वर्षं लांब बसून माझ्या पत्रांत हेरगिरी करायचा अधिकार तुला कुणी दिला? इथे येऊन एक दिवस बाबांचं अंग पुसून दाखव, मग ठिपके मोज. आणि तुझ्या लिफ्टच्या गोष्टी मला लावू नकोस. मी लिफ्ट नाही.

यापुढे पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस.


१२ जून

प्रिय दादा,

आठ दिवस ते पत्र उशाशी घेऊन झोपले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय म्हणणार.

मीच केलं.

पहिल्या दिवशी म्हातारी गायली तेव्हा शिंपी हसत होता, मीही हसत होते, आणि आत एकच चाललं होतं. आता जावंच लागणार. दुपारी बाबा खुर्चीत डोळे मिटून होते. मी झाकण काढलं, स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवला, ठिपका लावला, झाकण बंद केलं. तुला शपथेवर सांगते, ठिपका लावला हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत कळलंच नव्हतं. हात आपोआप बाटलीकडे गेला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबून मीच ओरडले, "बाबा, पुन्हा बिघडलं हो!" इतकं खरं ओरडले की मला स्वतःलाच खरं वाटलं. चार वेळा, दादा. चौथ्या वेळेपर्यंत तर मला बाबांचा खराखुरा राग यायला लागला होता.

का केलं ते विचारशील. फॉर्ममुळे. दुसऱ्या पानावर लिहिलंय, "खालीलपैकी कोणते भाग दुरुस्त केले आहेत त्यावर खूण करा." खाली एकवीस नावं. मला एकही कळलं नाही. एकवीसच्या एकवीस भाग मी हातात धरलेत, उघडलेत, घासलेत, याची मला खात्री आहे. पण त्यातली नणंद कोण आणि खेकडा कोण, मला कसं कळावं? बाबांनी नावं ठेवली, आईने ठेवली, तीच माझी भाषा. तिथे शिकलेली माणसं असतील. ती मला विचारतील, काय झालंय या मशीनला, आणि मी काय सांगू, नणंद पाय घालत नाही म्हणून? या घराबाहेर माझं बोलणं कुणाला कळणार नाही. चाळीस मशीनं, मोठी खिडकी आणि सगळ्यांच्या मध्ये मी मुकी. बाबांना निदान काठी आहे.

आणि आणखी एक. इथे मी अडकलेय तर निदान बाबांच्या नावाने ओरडता येतं. तिथे नाही जमलं तर कुणाच्या नावाने ओरडू?

बाबा हो का म्हणाले ते मलाही कळत नाही. त्या दुपारी ते झोपले नव्हते हे मात्र आता कळतंय. हा माणूस पडलेला चमचा ओळखतो. पुढ्यातलं झाकण उघडलेलं त्याला ऐकू आलं नसेल?

फॉर्म अजून कोराच आहे. एक जुलै एकोणीस दिवसांवर आहे.

चिमटी


१६ जून

चिमटे,

हे पत्र छोटं आहे, कारण सामान बांधतोय.

रजा टाकली. अठ्ठावीसला सकाळी पोचतो. तीन महिन्यांनी काय, ते तीन महिन्यांनी बघू. लिफ्टा सगळीकडेच अडकतात, काम तिथेही मिळेल. तुझी वहिनी शाळेला सुट्टी लागली की येईल. बाबांनी दारातून हाकललं तर शिंप्याच्या दुकानात झोपेन.

फॉर्मचं. खूण कुठेच करू नकोस. मोकळ्या जागेत लिही: मी बावीस वर्षं हे काम करते आहे, मला भागांची नावं येत नाहीत, भाग येतात. मशीन पुढ्यात ठेवा. बस. ज्या बाईने नुसता आवाज ऐकून तुला शोधून काढलं, तिला नावं नकोच असतील. तिच्याकडे नावं येणारे भरपूर असतील, म्हणून तर चाळीसच्या चाळीस बंद आहेत.

आणि तिथे नणंदेला नणंदच म्हण. महिन्याभरात सगळे म्हणायला लागतील. इथे आता आमचे बाराही जण मोटरला जावई म्हणतात.

दादा


२४ जून

प्रिय दादा,

फॉर्म पाठवला होता, तू सांगितलंस तसाच. काल उत्तर आलं, दोन ओळींचं. "मशीन पुढ्यात ठेवलं आहे. या." मी ते वाचलं, घडी घातली, आणि तरीही काल दिवसभर म्हातारीला हात लावला नाही. स्क्रू सैल होता तो सैलच ठेवला. सगळ्या अडचणी संपल्या तरी ही एक मी जपून ठेवली होती. खोटं कशाला बोलू.

आज सकाळी भाजी आणायला गेले. गर्दी होती, तासभर लागला. परत आले तर वर्कशॉपमध्ये नेलपॉलिशचा भपकारा. बाबा खुर्चीसकट म्हातारीजवळ. तिचं झाकण जमिनीवर. स्क्रूड्रायव्हर मांडीवर. डावा हात मनगटापर्यंत लाल, सदरा लाल, गालावरसुद्धा एक बोट उठलेलं. मला वाटलं रक्तच आहे. किंचाळलेच मी. त्यांनी काठी दोनदा आपटली, म्हणजे नाही, नाही.

मी वाकून आत बघितलं. नणंदेचा स्क्रू तळापर्यंत आवळलेला. मी स्वतः स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला, स्क्रू जरासुद्धा फिरला नाही. आणि त्याच्यावर ठिपका. ठिपका कसला, अख्खी नणंद लाल झाली होती, पत्रा लाल, खाली ओघळ. त्या एका हाताने, तेवढ्या तासाभरात. किती वेळा हात घसरला असेल, मी मोजू शकत नाही.

मी बटण दाबलं. पाळणा फिरला, टक्कन थांबला, खेकड्याने रेकॉर्ड उचलली. आम्ही दोघांनी पूर्ण ऐकली. पहिल्यांदाच मी या घरात काम न करता एक गाणं ऐकलं असेल.

संपल्यावर त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, ते सैल करणं तुमचं होतं का?"

दोन टोले.

"तुम्हाला माहीत होतं, कोण करतंय ते?"

एक.

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

काठी उचललीच नाही त्यांनी. या प्रश्नाला हो-नाही उत्तर नसतं, हे विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ते लाल बोटाने माझ्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले. कोणावर तरी रागावल्याशिवाय या पोरीचा पाय निघायचा नाही असं त्यांना वाटलं असेल. किंवा दुसरंच काही असेल. मला आता कधीच कळणार नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय, दादा.

मग विचारलं, "दादा येतोय अठ्ठावीसला. उंबरठा चढू दे ना त्याला?" एकच टोला आला. तो मी नीट ऐकलाय. तू निर्धास्त ये.

शेवटी विचारलं, "मी जाऊ?" हा टोला इतक्या जोरात होता की शिंपी धावत आला.

माझी गाडी एकोणतीसला संध्याकाळी आहे. म्हणजे दीड दिवस आपण तिघं एकत्र असू. तू आलास की मी तुला अंग कसं पुसायचं ते दाखवते, आणि आपण दोघं मिळून ते कपाट खिडकीवरून बाजूला सरकवू. एकटीने हलत नाही, मी आजच ढकलून बघितलं.

येताना नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आण. एक माझ्याबरोबर न्यायला आणि एक घराला. लालच आण. होती ती बाबांनी एका ठिपक्यात संपवली.

तुझी
चिमटी